एकाच गावाहून निघायची अट

परीक्षितला कुणी विचारलं की तुझा छंद काय, तर तो क्रिकेट म्हणायचा. साफ खोटं. त्याचा खरा छंद एकच होता, विमान कंपनीच्या क्रेडिट कार्डावर पॉइंट साठवण्याचा. बंगळूरूच्या त्याच्या ऑफिसात कुणाला फ्रिज घ्यायचा असो की कुणाच्या मुलाची फी भरायची असो, हा आपलं कार्ड पुढे करायचा. 'मी भरतो, तू मला नंतर दे.' लोकांना वाटायचं, काय दिलदार माणूस आहे! त्या दिलदारपणाचे पॉइंट व्हायचे, पॉइंटांचं तिकीट व्हायचं आणि त्या तिकिटावर तो महिन्यातून एकदा भोपाळला, बायकोकडे यायचा. मधूनच कधी बायको त्याच्या पॉइंटांवर बंगळूरूला जायची.

बायको म्हणजे जुई. अरेरा कॉलनीतल्या एका सरकारी कार्यालयात ती लेखा शाखेत होती आणि मिसरोदच्या घरात सासूबरोबर राहत होती. नोकरी पक्की, सासू एकटी, घर स्वतःचं. असं असताना कोण शहाणा माणूस सगळं सोडून बंगळूरूला जाईल? सगळे हेच म्हणायचे. पहिली दोन वर्षं जुईसुद्धा हेच म्हणत होती. सासूबाई, म्हणजे मनोरमाबाई, मात्र म्हणत नसत. त्या मूळच्या नागपूरच्या आणि तोंडाच्या फटकळ. "तुम्ही नवरा-बायको आहात की एकमेकांचे पाहुणे?" हे त्या दर महिन्याला विचारायच्या, आणि मुलगा आला की पाहुण्यासाठी करावं तसं श्रीखंड करायच्या.

भोपाळच्या विमानतळाची दोन दारं जुईला पाठ झाली होती. शुक्रवारी संध्याकाळी तो एका दारातून बाहेर यायचा, तेव्हा ती बाहेर उभी असायची. रविवारी तो दुसऱ्या दारातून आत जायचा, तेव्हाही ती बाहेरच उभी असायची. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. बंगळूरूला याच्या उलट, ती आत आणि तो बाहेर. लग्नाला तीन वर्षं होत आली होती, विमानाचा इतका प्रवास झाला होता, पण दोघं एका विमानात एकदाही बसले नव्हते. लग्नानंतर फिरायला गेले तेसुद्धा पचमढीला, गाडीने. तेव्हा जुई घाटात त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. त्या झोपेची तिला अजून आठवण यायची. ऑफिसात, भर दुपारी, बिलं तपासताना यायची.

दिवाळीनंतर कार्डवाल्यांनी परीक्षितवर खूश होऊन त्याला एक कम्पॅनियन तिकीट दिलं. एकाचं तिकीट घ्यायचं, जोडीदाराचं फुकट. अट एवढीच की दोघांनी एकाच गावाहून, एकाच विमानाने निघायचं आणि एकतीस मार्चच्या आत निघायचं. आता बोला! चणे मिळाले तर दात नाहीत. फुकटच्या तिकिटांवर आयुष्य काढणाऱ्या या नवरा-बायकोला हे फुकट तिकीट काही केल्या वापरता येईना, कारण दोघं कधी एका गावाहून निघतच नसत. परीक्षित फोनवर हळहळायचा. "यार जुई, वाया जाणार गं हे." जुईही हळहळायची, पण तिची हळहळ तिकिटासाठी नव्हती.

त्यातच जानेवारीत परीक्षित बोलता बोलता म्हणाला की कंपनीने एक सोय काढली आहे. ज्यांना आपापल्या गावी राहून काम करायचं असेल, त्यांनी मार्चअखेरपर्यंत अर्ज करावा. पगार थोडा कमी होईल, पण गाव आपलं. जुईने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग?" तिने विचारलं.

"बघू," परीक्षित म्हणाला.

या 'बघू'वर किती मराठी संसार तरंगत असतात, देव जाणे. त्यात हो नसतं, नाही नसतं, आणि पुन्हा विचारायचीही चोरी. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, परीक्षितने तो विषय काढला नाही आणि जुईनेही विचारलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची तिला लहानपणापासून सवय. फोनवर विचारावं, तर तो सदा कुठेतरी चालत असतो, मध्येच भाजीवाल्याशी बोलतो. घरी आल्यावर विचारावं, तर दीड दिवस आई, मित्र, श्रीखंड आणि झोप यातच संपतो. आणि विचारलं, नि भांडण झालं तर? दीड दिवसासाठी आलेल्या माणसाशी कोण भांडेल? हसऱ्या तोंडाने त्याला पोचवायचं आणि परतताना तलावाच्या रस्त्यावर ऑटोत एकटीने रडायचं, हे तिला जास्त सोपं वाटायचं.

मग मार्चच्या सुरुवातीला एकदा भांडी विसळता विसळता तिला सुचलं. विमान! विमानात फोन बंद असतो. तिथून उठून तो जाणार कुठे? आई नाही, मित्र नाहीत, दीड-पावणेदोन तास तो तिच्या शेजारी, पट्ट्याने बांधलेला. तिथे विचारायचं. त्याच रात्री तिने फोनवर सांगितलं, "आपण दिल्लीला जाऊ या. इथून, दोघं."

"दिल्लीला काय आहे?"

"काही नाही. तिथून तू बंगळूरूचं विमान धर, मी दुपारच्या वंदे भारतने परत येते."

"म्हणजे नुसतं विमानात बसायला जायचं?"

"हो."

जुईला माहीत होतं, पलीकडे पॉइंट तपासत बोटं चालली आहेत. मग तो खुशीत म्हणाला, "डील सही आहे यार! दिल्ली-बंगळूरू पॉइंटवर बसतंय. अख्खं कम्पॅनियन तिकीट वसूल!" जुई हसली. वसूल तर वसूल. तिला कारणाशी काय करायचं होतं?

मार्च म्हणजे सरकारी लेखा शाखेत युद्धाचे दिवस, रविवारीसुद्धा ऑफिस. जुईने आधीचे दोन रविवार मान मोडून काम केलं आणि साहेबांकडून तिसरा मागून घेतला. मनोरमाबाईंनी बेत ऐकून कपाळाला हात लावला. "दिल्लीला जाऊन दिल्ली न बघता परत यायचं? आमच्या घराण्यात एवढा वेडेपणा कुणी केला नव्हता, बाई." पण पहाटे उठून त्यांनीच डब्यात गूळपोळ्या भरल्या आणि दारात उभं राहून सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हातावरून जुईला कळलं की सासूबाईंना सगळं कळलेलं आहे.

विमानतळाच्या दारावर जवानाने परीक्षितचं तिकीट पाहिलं आणि जुईकडे बघून विचारलं, "साथ में हैं?"

"हाँ, साथ में," परीक्षितच्या आधी जुईच म्हणाली, आणि काच सरकली, आणि ती त्याच्याबरोबर आत गेली. आत काय होतं? खुर्च्या होत्या, पंचवीसच्या जागी दीडशे रुपयांचा चहा होता, पेंगणारे लोक होते. जुईला तो स्वर्ग वाटला. इतके दिवस याच काचेतून तिने परीक्षितची पाठ लहान लहान होत जाताना बघितली होती. आज ती पाठ तिच्या शेजारून चालत होती. तिने उगाचच त्याची बॅग ओढायला घेतली.

विमानात चढायची हाक झाली तेव्हा जुईने पहिल्यांदा फोनवर आलेला आपला बोर्डिंग पास नीट पाहिला. मग त्याचा मागून घेतला. तिची जागा शेवटून दुसऱ्या रांगेत होती आणि त्याची सातव्या रांगेत, खिडकीला.

"परीक्षित, या सीटा वेगळ्या आहेत."

"हो ना, सिस्टिमने दिल्यात तशा. शेजारशेजारच्या घ्यायच्या तर वेगळे पैसे मागतात! तिकीट फुकट काढायचं आणि सीटला पैसे द्यायचे? मग अर्थ काय राहिला?" एवढं बोलून तो थांबला. बायकोचा चेहरा पाहून त्याच्या हळूहळू लक्षात येऊ लागलं. "अगं, बदलून घेऊ ना कुणाशी तरी. टेन्शन नको घेऊ."

जुईने त्याचा फोन त्याला परत दिला. ज्या माणसाने एकही पॉइंट आजवर वाया घालवला नाही, त्याने नेमकी हीच काटकसर करावी! तिला हसू यायला हवं होतं आणि आलं ते रडू. ते तिने गिळलं.

विमान छोटं होतं, पंख्यांचं, दोन्ही बाजूंना दोन-दोन खुर्च्यांचं. परीक्षितच्या शेजारी अर्ध्या स्वेटरमधले एक काका हिंदी पेपर उघडून बसले होते. परीक्षितने विनंती केली. काकांनी पेपर खाली केला. "भैया, घुटने का ऑपरेशन हुआ है. पैसे देकर आगे की सीट ली है. मैं नहीं उठूँगा." पेपर पुन्हा वर गेला. त्यात त्यांचं चुकलं काय? त्यांनी पैसे मोजले होते.

जुई मागे जाऊन बसली. तिच्या शेजारचा माणूस विमान सुटायच्या आधीच घोरायला लागला. पुढे रांगाच रांगा, आणि सातव्या रांगेत परीक्षितच्या डोक्याचा वरचा थोडासा भाग. विमान उडालं. खाली तलाव तिरका झाला, सरळ झाला, दिसेनासा झाला. लोक फोटो काढत होते. जुई त्या डोक्याकडे बघत होती. किती जवळ होता तो! घरात असता, तर नुसत्या हाकेवर आला असता. आणि एवढ्याशा अंतरात तिला त्याची इतकी आठवण आली, की तेवढी तो बंगळूरूत असतानाही येत नसे.

पट्ट्याचा दिवा विझला तशी ती उठली. वाटेत खाण्याची गाडी आली, तिला मागे सरकून वाट द्यावी लागली. गाडी गेल्यावर ती सातव्या रांगेपाशी येऊन उभी राहिली. मध्ये काका आणि त्यांचा पेपर, पलीकडे परीक्षित. आता इथे बोलायचं कसं? पण भोपाळच्या मराठी माणसांची एक हुकमी सवय असते. दुकानात भाव जास्त वाटला, ऑटोवाला लबाड वाटला, की त्याच्या तोंडावर मराठीत बोलून मोकळं व्हायचं. आपली भाषा म्हणजे आपली बंद खोली. जुईने तीच खोली उघडली.

"तू अर्ज का नाही केलास?" ती म्हणाली.

परीक्षित दचकला. "काय? आत्ता? इथे?"

"मग कुठे? फोनवर तू भाजी घेत असतोस. घरी तू झोपलेला असतोस. मी हे विचारायलाच तुला विमानात आणलं, आणि तू चार पैसे वाचवून मला मागे बसवलंस. आठ दिवस उरलेत, परीक्षित. तू जानेवारीत 'बघू' म्हणालास. बघितलंस का? मी रोज रात्री बघते. तुझ्या बाजूच्या उशीचा अभ्रा मी दर आठवड्याला धुते, त्यावर कुणी झोपत नाही तरी धुते. मला तू हवायस. महिन्याने येणारा नको. रोज हवायस."

तेवढ्यात पेपर खाली आला. काकांनी चष्मा काढला, पेपराची नीट घडी घातली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्या डोक्यावरून संसार करून राहिले."

मराठीत! जुईला वाटलं विमानाचा तळ उघडावा.

"मी टी. टी. नगरातला. जन्म भोपाळचा, पण माय नागपूरची," काका पट्टा सोडता सोडता म्हणाले. "भोपाळच्या विमानात मराठीत गुपित बोलता? अर्धं भोपाळ आपलंच आहे." ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. जुई म्हणाली, "नको काका, तुमचा गुडघा..." त्यावर ते म्हणाले, "गुडघ्याचं मी बघतो. तुमची जागा कुठली?" आणि जाता जाता परीक्षितकडे वळून म्हणाले, "अन् तू रे, उत्तर दे तिला. मी उगाच उठलो नाही." ते एक एक खुर्ची धरत, लंगडत मागे गेले. जुई मान खाली घालून त्यांच्या जागेवर बसली. खुर्ची अजून उबदार होती.

मग परीक्षितने तिचा हात हातात घेतला.

"अर्ज भरून ठेवलाय मी," तो म्हणाला. "पाठवला नाही."

"का?"

"हसशील."

"हसण्यासारखं आज माझ्याजवळ काही नाही. सांग."

तो खिडकीतून बाहेर बघत बोलू लागला. "शुक्रवारी विमान उतरलं की मी पळत येतो बाहेर. बॅगसुद्धा चेक-इन करत नाही. तू तिथे असतेस. तुझा चेहरा असा उजळतो ना, जुई... माझ्यासाठी आजवर कुणाचा चेहरा असा उजळला नाही. महिनाभर मी त्या एका क्षणावर जगतो. रोज घरी राहिलो, तर तू कशाला उजळशील? बाबा रोज घरी यायचे तेव्हा आई मान वर करून बघायचीसुद्धा नाही. मला त्याची भीती वाटते."

जुईने त्याच्याकडे पाहिलं. हा एवढा हुशार माणूस, जगातली सगळी कार्डं तोंडपाठ, आणि पोटात हे घेऊन फिरत होता! तिला त्याचा राग आला आणि त्याच्याबद्दल मायाही दाटून आली.

"नाही उजळणार," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू? रोज नाही उजळणार. दार उघडीन, तेही कंटाळून. किल्ली असताना घंटी का वाजवतोस म्हणून ओरडेन. तू टीव्हीसमोर बसशील, मी फोनवर बोलत बसेन, आणि दोघांनाही एकमेकांकडे बघायची आठवण राहणार नाही. तुझी आई मान वर करत नसे, कारण तिला माहीत होतं की बाबा येणारच आहेत. आता बाबा नाहीत, तर आई दर संध्याकाळी फाटकाकडे बघत असतात. कधी पाहिलंयस? नाही, तू कसं पाहणार, तू घरी नसतोस. परीक्षित, मला तुला बघायची आठवणच राहू नये, असं हवंय. इतका जवळ हवायस."

त्याचा हात तिच्या हातात घट्ट होत गेला. विमान खाली यायला लागलं, कान दाटले, हवाई सुंदरीने खुर्च्या सरळ करायला लावल्या. जुईने परीक्षितच्या खांद्यावर डोकं ठेवलं. झोप येणं शक्यच नव्हतं. तिने नुसते डोळे मिटले. चाकं जमिनीला लागली तेव्हा सगळ्यांचे फोन टणटणायला लागले. परीक्षितने आपला फोन खिशातून काढला नाही.

दिल्लीच्या विमानतळावर एका पाटीपाशी रस्ते फुटत होते. पुढचं विमान धरणाऱ्यांनी डावीकडे जायचं, बाहेर पडणाऱ्यांनी सरळ. काका दोघांच्या पुढून व्हीलचेअरवर गेले, जाताना हात हलवला, काही विचारलं नाही. परीक्षित पाटीखाली थांबला. बंगळूरूच्या विमानाला अजून वेळ होता.

"मी येतो तुझ्याबरोबर," तो एकदम म्हणाला. "वंदे भारतने. तिकीट मिळेल, नाही मिळालं तर दंड भरीन. उद्या सुट्टी टाकतो."

"आणि तुझं विमान?"

"जाऊ दे. पॉइंट गेले तर गेले."

हे वाक्य परीक्षितच्या तोंडून! तीन वर्षांत जुईने यासाठी काय दिलं नसतं? आत्ता हो म्हटलं, की दुपारभर शेजारशेजार, आग्रा, ग्वाल्हेर, डब्यातल्या गूळपोळ्या, मग घर, आणि उद्याची अख्खी संध्याकाळ. तिचं अंग अंग हो म्हणत होतं. पण परवा काय? परवा पुन्हा तेच दार, आत जाणारी त्याची पाठ, आणि ती बाहेर उभी.

"नको," ती म्हणाली.

"का गं?"

"अशी एका दिवसाची चैन आता मला झेपत नाही. यानंतर शुक्रवारी येऊ नकोस. पुढच्या महिन्यात नको, त्याच्या पुढच्याही नको. मीही येणार नाही. येशील तेव्हा राहायलाच ये." तिने डबा त्याच्या हातात दिला. "आणि तोवर फोनवर गोड गोड बोलू नकोस, मला ते सहन होणार नाही."

तो काहीतरी बोलायला गेला. तिने त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली, भर विमानतळावर त्याच्या गालाला हात लावला आणि सरळ चालू लागली. मागे वळून पाहिलं असतं, तर तिथेच थांबली असती, म्हणून तिने पाहिलं नाही. बाहेर पडल्यावर दिल्लीचं ऊन अंगावर आलं. टॅक्सीवाले ओरडत होते. तिने एक टॅक्सी केली, भाव न करता केली.

वंदे भारतमध्ये तिला खिडकी मिळाली. शेजारी एक कॉलेजातली मुलगी होती, ती पूर्ण वेळ आईशी फोनवर बोलत होती. मथुरा गेल्यावर वेटरने चहा आणला, जुईने तो घेतला आणि तसाच गार होऊ दिला. तिने ठरवलं ते बरोबर होतं, याबद्दल तिला शंका नव्हती. पण त्यामुळे काही सोपं झालं नव्हतं. परीक्षित अर्ज पाठवेल का, हे तिला ठाऊक नव्हतं. तो भित्रा आहे आणि तो तिच्यावर जीव टाकतो, एवढंच तिला आज नव्याने कळलं होतं, आणि या दोन गोष्टींतली कुठली जिंकेल हे कोण सांगणार? एक मात्र पक्कं होतं. येत्या शुक्रवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही, शुक्रवार आता त्यांचा दिवस नव्हताच. परीक्षित हवा होता, भयंकर हवा होता, आणि त्याला येऊ नकोस असं तिनेच सांगितलं होतं.